मायच्या गान्यातलं टक्

...अन् वरतून मलेच म्हनते, मामाजी, तुमच्याकडे जिटर आहे! आता तुमाले सांगतो, मी शुगर ऐकली, बीपी ऐकला, आमच्या गल्लीत एकाच्या किडनीतून खडा निघाला थोही डोळ्यानं पाहिला, पन जिटर? माह्या घरात? सकाळीच तं सारवलं होतं! मी म्हनलो, बाप्पा, कोनाले झाला, मले का तुह्या आबाजीले? तं म्हनते, नाई मामाजी, वायरीले झाला. घ्या आता! वायरीले बिमारी, अन् डोस्कं दुखून राहिलं माहं!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाई तं तुमीबी माह्यासारखेच गोंधळून जासान. मी कवडू, एकोडीचा. घराच्या मांगंच धानाची बांधी, म्हनजे शेत, आहे. अन् थो जिटरवाला म्हनजे भुपेंद्र, माह्या बहिनीचा पोरगा, पुन्याले कंप्युटरच्या नोकरीत आहे, पोरगं सोन्यासारखं आहे, फक्त बोलते थे समजत नाई. आता हे सारं उपटलं कशातून? तं माह्या मायच्या कॅसेटीतून. माय, आनंदाबाई, चार वर्सं झाले गेली. माह्या लगनात सासऱ्यानं टेप देल्ला होता, नवा कोरा. मी थो सपरीत, म्हनजे पडवीत, ठेवला अन् मायले म्हनलो, धान लावताना म्हनते थे रोवन्याचं गानं म्हन. ते लाजली. मशीनीकडे पाठ केली, बाबा बसले होते तिकडं तोंड केलं, अन् मंग म्हनाले लागली. मी लाल बटन दाबलं अन् पानी पियाले गेलो. बस! आलो तं टेप बंद, कॅसेट मायनं पेटीत टाकली, अन् मंग कोनाले फुरसत? गेली ते गेली, तवा आठवली.

बाबा, म्हनजे देवाजी, चौऱ्यांशी वर्साचे. डोळे गेले, पन कान? रस्त्यानं बकरी गेली तं कोनाची गेली थे सांगते! पोळ्याले भुपेंद्र आला होता. बाबा त्याले जवळ बसवून म्हनाले, "पोरा, तुह्या आजीचा चेहरा मी विसरून राहिलो. आवाज तरी एक डाव साफ ऐकू दे." आता तुमीच सांगा, असं कोनी म्हनलं तं मानूस काय करन? पोरगं कॅसेट घेऊन गेलं, पुन्याले तिचं पेनड्राईव्ह केलं, अन् पंधरा दिवसांत खोकेच्या खोके पार्सल आले. त्याचा जुना लॅपटॉप, दोन स्पीकर, एक अँप्लिफायर, अन् लॅपटॉप ते अँप्लिफायरच्या मंदात लावाची एक डबी. डबीचं नाव ड्याक. म्हनते, मामाजी, कंप्युटरात गानं नसते, आकडे असते, शून्य अन् एक, अन् हे डबी त्या आकड्याचं गानं करते. म्हनलो, म्हनजे माह्या मायचे तू आकडे करून टाकले का रे? तं हासते!

जोडलं बाप्पा. फोनवर थो सांगे, इकडं मी जोडो. लावलं गानं, तं मायच्या आवाजामांगं घूं... घूं... भुंगा शिरल्यावानी. भुपेंद्र म्हनते, अर्थिंग नाई मामाजी, चांगली अर्थिंग द्या. मी म्हनलो, हे तं आपल्या हातचं काम आहे! कारन तुमाले सांगतो, माह्या आवारात अशी अर्थिंग आहे का अख्ख्या एकोडीत नसन. कायची? तं झटक्याची. झटका मशीन माहीत आहे नं, बांधीच्या चहूबाजूनं तार फिरवते अन् थांबून थांबून करंट सोडते, डुकराचं नाक लागलं का डुक्कर उलट्या पायानं जंगलात. हे मशीन ठेवलं मांगं गोठ्यात. लावनारा म्हने, अर्थिंग जेवढी खोल तेवढा झटका कडक. मी छाती बुडन एवढा गड्डा खंदला, कोळसा टाकला, मीठ टाकलं, रोज बादलीभर पानी टाकतो. तुळशीले एखाद्या दिवशी चुकन, पन त्या गड्ड्याले नाई. तिथूनच वायर ओढली अन् अँप्लिफायरले आवळून टाकली. भुपेंद्रनं इचारलं, अर्थिंग चांगली आहे नं? म्हनलो, एक नंबर! घूं गायब! भर दुपारी मायचा आवाज काचेवानी. दोन ओळीतच मी एकटा सपरीत बसून रडलो, खोटं कायले सांगू, अन् बंद केलं, बाकीचं बाबासंगंच ऐकीन म्हनून.

संध्याकाळी कलाबाईनं, म्हनजे आमच्या घरच्या बाईनं, गोठ्याकडलं आवरलं, दिवा लावला, बाबा येऊन बसले. मी मोठ्या ऐटीत बटन दाबलं. मायनं पहिली ओळ उचलली, अन्... टक्. दुसरी ओळ... टक्. टक्. टक्. एक मोजून होत नाई का टक्! बाबांनी हात वर केला. "बंद कर. तिच्या गान्यात हा कोन टकटक करते?" बंद केलं. काय करता?

इथून सुरू झालं माहं जिटर पुरान. भुपेंद्र म्हनते, आकडे टायमावर पोचून नाई राहिले, कोनी लवकर, कोनी उशिरा, यालेच जिटर म्हनते. मले काही समजेना. मंग पोरगं म्हनते, मामाजी, रोवना चालू आहे, बाया एका ओळीत आहेत, एक बाई मांगं पडली तं काय होते? म्हनलो, ओळ वाकडी होते. म्हनते, बस, तेच! आता हे समजलं, हे तं आपलं रोजचं आहे. म्हनलो, मंग बायाइवर एक मुकडदम ठेव नं बा! तं खूश झाला, म्हनते, तेच करतो, घड्याळ पाठवतो. आली डबी. कलाबाई हातात घेऊन उलटी पाहे, सुलटी पाहे. म्हनते, अवो, घड्याळ आनला म्हनता, वाजले किती? काटा नाई, आकडा नाई! मी म्हनलो, हे आपल्याले टाईम नाई सांगत, त्या शून्य-एकाले सांगते. तिनं माह्याकडे असं पाहिलं का मी खाली पाहून डबी जोडाले लागलो. दुपारी लावलं, काचेवानी. संध्याकाळी दिवा लागला, बाबा बसले, माय गावाले लागली... पन टक् काही जायेना!

मंग म्हनते, लॅपटॉपचा करंट घान आहे, आकड्याइसंगं वायरीतून कचराही येते, त्याले गाळनी लावा. गाळनी आली, आयसोलेटर नावाची. दुपारी काचेवानी, संध्याकाळी टक्. मंग म्हनते, तांब्याची वायरच नको, आता उजेडातून आवाज पाठवू. उजेडातून! तुमाले सांगतो, काचेची वायर आली, नवरीवानी कापूस गुंडाळून. टोकाले लाल लाल उजेड. बाबा म्हनते, काय आलं रे? म्हनलो, बाबा, आता माय उजेडातून येनार आहे. बाबा नुसते त्या बाजूले तोंड करून बसले. लई वाईट वाटलं जी, अंधळ्या मानसाले मी काय सांगून राहिलो! अन् एवढं करून? आली माय उजेडातून, अन् तिच्या मांगं मांगं टक्. कुठून येते हे? उजेडावर बसून येते का?

भुपेंद्र म्हनते, व्हिडिओ कॉल करा, मले ऐकू द्या. त्याले सुट्टी दुपारी. दुपारी तं काहीच नाई! म्हनते, मामाजी, साफ तं आहे, तुमाले भास होत असन. भास? मले, कलाबाईले अन् बाबाले, तिघाइले एकाच टायमाले, मोजून मोजून भास? मंग म्हनते, संध्याकाळी गावात सारे लाईट लावते, व्होल्टेज पडत असन. मंग म्हनते, डबी दिवसभर तापत असन. मी तिच्यावर ओला फडका ठेवला, तं फोनवरून ओरडला, काढा, काढा, पहिले फडका काढा! माह्या तं मनात भलतंच येऊ लागलं. दुपारी बाबा नाई, टक् नाई. संध्याकाळी बाबा आहेत, टक् आहे. बाबाच्या आंगातच तं जिटर नसन? शेवटी म्हनलो, बाबा, असं करा, तुमी दुपारीच ऐका, दुपारी साफ आहे. तं बाबा काय म्हनाले, माहीत आहे? "दुपारी ते कामात राहे. तिले बसाची फुरसत दिवा लागल्यावरच भेटे. माह्याजवळ ते तवाच बसे, तवाच ऐकीन." आता यावर कोनता आयसोलेटर लावता?

मंग आले मनी. लोखंडाच्या पावडरीचे काळे मनी, वायरीले बांधाचे, कचरा तिथंच अडकते म्हने. कलाबाई म्हनते, दृष्टच लागली असन तं निंबू-मिरचीही बांधा. सांगतो तुमाले, मी बांधनार होतो! त्या दिवशी तिची साकोलीले बचत गटाची मीटिंग होती. मी वायरीवायरीले मनी बांधत बसलो. मीटिंग लांबली, दिवा टेकाचा टाईम झाला, कलाबाई यायेना. मीच दिवा लावला, मायच्या फोटोपुढं ठेवला, बाबा बसले. मनातल्या मनात म्हनलो, लाव कवडू, टक् तं होनारच आहे. दाबलं बटन.

मायनं पहिली ओळ उचलली. मी टक् ची वाट पाहो, अन् टक् यायेना. दुसरी ओळ. नाई! तिसरी. नाई! माय आपली गाऊन राहिली, मंदात बांगड्या वाजून राहिल्या, आंगनात कोंबडी बोलून राहिली, सारं सारं साफ. मनी लागू पडले! मी बाबाइकडे पाहिलं. हात वर नाई. दोनी हात मांडीवर, अन् ओठ तिच्यासंगं हालून राहिले. कितीक दिवसांनी पहिल्यांदा गानं संपेपर्यंत चाललं. मी डोळे पुसत पुसत बंद कराले हात नेला, अन् थांबलो. कारन टेप चालूच होता! रेकॉर्डिंगच्या दिवशी मी पानी पियाले गेलो होतो नं, थो मंदातला टेप. खाकरली माय. अन् मंग तिच्या रोजच्या आवाजात, गान्याच्या नाई, बरं का, रोजच्या, बाबाइले म्हनते:

"झालं का तुमचं ऐकून? इथं ऐकत बसले, अन् तिकडं डुकरं घुसले असन बांधीत. उठा."

तुमाले सांगतो, मी बटनावरचा हात मांगं घेतला. अन् बाबा? काठीबिगर पाऊल न टाकनारा मानूस, भिताडाले हात न लावता सरळ उभा राहिला. "उठलो वो, उठलो," म्हने. अन् तेवढ्यात मांगच्या दारातून कलाबाई, मीटिंगची पिशी खांद्यालेच. म्हनते, "अवो, झटका काहून नाई लावला? बांधीत डुकरं आहेत."

मंग काय! मी टिनाचा डबा बडवत पुढं, कलाबाई टॉर्च घेऊन मांगं. पोटरीतून निघालेलं धान, धुऱ्याकडचा अख्खा पट्टा लोळवला होता बेट्यांनी. हाकलले. कलाबाई गोठ्यात गेली अन् झटका लावला, अन् मी घरात पाय टाकतो तं काय, लॅपटॉपवर गानं फिरून सुरू झालेलं, अन् टक्. टक्. टक्. मी जागेवरच उभा. म्हनलो, अवो, बंद कर तं जरा. टक् बंद. म्हनलो, लाव. टक् सुरू. चार डाव लावाले लावलं, चार डाव बंद कराले लावलं. कलाबाई रोज संध्याकाळी गोठ्यात जाऊन झटका लावे, मंग दिवा लावे. अन् दुपारी झटका बंदच राहे. अन् त्याच झटक्याच्या गड्ड्यातून वायर ओढून, मीठ-पानी पाजून, थे टक् मी माह्याच हातानं मायच्या गान्यात आनून सोडलं होतं!

भुपेंद्रले फोन केला. सारं सांगितलं. मंग हळूच म्हनते, मामाजी, तुमी अँप्लिफायर झटक्याच्या अर्थिंगले जोडला? म्हनलो, तूच तं म्हनला, चांगली द्या! गावात याच्याहून चांगली आहे कोनती? म्हनते, काही नाई, दुसऱ्या बाजूले वेगळा गड्डा खंदा, सारं साफ होईन. सकाळीच सब्बल घेतली, आंगनाच्या पार त्या कोपऱ्यात गेलो, चार घाव घातले, तं सपरीतून बाबा म्हनते, "कवडू, काय खंदतं?" सांगितलं. म्हनते, "राहू दे." अहो, काहून राहू दे? एवढ्या डब्या, एवढे मनी, उजेडाची वायर, अन् आता राहू दे? माहं तं डोस्कंच चालेना. इचारेपर्यंत बाबा काठी टेकत आत गेले.

समजलं संध्याकाळी. दिवा लागाच्या टायमाले बाबा म्हनते, पहिले झटका लावा, मंग तुह्या मायले लाव. लावला. गानं सुरू, टक् टक् सुरू, पन हात काही वर होयेना. गानं संपलं. माय खाकरली. डुकरं घुसले असन बांधीत, उठा, म्हनाली. अन् बाबा, तुमाले सांगतो, जागचे हालले नाई. त्या स्पीकरकडे तोंड करून, मजेनं हासत म्हनते:

"लावला वो, झटका लावला. ऐकू नाई येत का तुले, टक् टक्?"

तवापासून रोज तेच चालू आहे. माय रोज इचारते, बाबा रोज सांगते. कालच भुपेंद्रचा फोन आला, म्हनते, मामाजी, टक् काढाची एक नवी डबी निंघाली आहे, पाठवू का? म्हनलो, पाठव बाप्पा, धान झाकलेल्या ताडपत्रीवर दगडाच्या जागी ठेवाले कामी येईन.