फाटकापाशी दहा मिनिटे

मी, श्रीमती फिलोमिना डेव्हानी, वय ७१ वर्षे, व्यवसाय निवृत्त (पूर्वी प्राथमिक शाळेत एकतीस वर्षे लिपिक), राहणार चॅपल रस्ता, ड्रमकिली, परगणा मेयो, आयर्लंड. आज बुधवार, दि. १२ मार्च रोजी सकाळी ९.४० वाजता पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

माझे घर शाळेच्या फाटकासमोर आहे. ऑर्ला टायर्नन ही शाळेची विद्यार्थी आधार सेविका. पदाचे नाव लांबलचक असले तरी काम इतकेच, की जे मूल शाळेत पाऊल टाकत नाही त्याच्यासोबत बाहेर उभे राहायचे. ब्रोना मॅकगिन, वय ८, हिची आई पहाटे मासळीच्या कारखान्यात जाते. मुलगी एकटी येते आणि फाटकापाशी थिजते. ऑर्ला रोज तिच्याजवळ भिंतीला टेकून उभी राहते, काही बोलत नाही. दहा मिनिटांनी मुलगी आपणहून निघते.

वीस दिवस गैरहजेरी झाली की शाळेला वर कळवावे लागते. म्हणून ब्रोनाची हजेरी नऊ वाजताच लावून टाकतात. येतेच ना ती साडेनऊपर्यंत!

सोमवारी, दि. १० रोजी संध्याकाळी सहा वाजता ऑर्ला माझ्या दारात आली. म्हणाली, "फिलोमिना, मला उद्यापासून आर्डवाराच्या शाळेत टाकलंय. आत्ता फोन आला. सकाळी दहा मिनिटं तरी येऊ द्या म्हटलं, तर मुख्याध्यापक म्हणतात ते तुमच्या तासांत बसत नाही. पोरीला सांगायलाही मिळालं नाही गं. तिच्या आईला कळवते मी, पण सकाळी ती घरी नसते. उद्या तू जरा तिच्याजवळ उभी राहशील? बोलायचं मात्र नाही."

मी म्हटले, "न बोलता? मी?"

ती म्हणाली, "जमायचं नाही तुला. तरी बघ."

मी हो म्हटले. मुख्याध्यापक लाव्हेल आज सगळीकडे सांगत आहेत की ऑर्लाने मुलीची काही व्यवस्था केली नाही, तिला कामावरून काढावे. हे धादांत खोटे आहे. व्यवस्था केली होती. ती व्यवस्था म्हणजे मी.

मंगळवारी सकाळी ९.०५ वाजता ब्रोना फाटकापाशी होती. गारा मिसळलेला पाऊस होता. माझा चहा व्हायचा होता. मी ९.२५ वाजता बाहेर गेले.

सार्जंट रुआन यांनी मला मुद्द्याचे बोलण्यास सांगितले. हा मुद्दाच आहे.

दुपारी अडीचला आई न्यायला आली, मुलगी नव्हती. शाळेने हजेरी दाखवली. ब्रोना हजर. म्हणजे सुटल्यावर कुठेतरी गेली, म्हणून सर्वांनी बंदराचा धक्का, खेळाचे मैदान आणि चर्चच्या मागची बाजू पाहिली. मीही धक्क्यावर हाका मारत होते. सकाळचे मी कोणाला बोलले नाही. हजर म्हणजे आत गेली असणार, असे मला वाटले.

आधीच हजेरी लावण्याची ही पद्धत मी लिपिक असताना मीच सुरू केली होती. हजेरीच्या त्या खुणेची किंमत गावात माझ्याइतकी कोणालाच ठाऊक नाही.

४.५० वाजता ऑर्ला आर्डवाराहून गाडीने आली. तिने वर्गशिक्षिकेला एकच विचारले, "आज तिला आत कोणी आणलं?" वर्गशिक्षिकेने हजेरीपट पुढे केला. मग ऑर्ला माझ्याकडे वळली. "फिलोमिना, तू उभी होतीस ना?"

तेव्हा मी सांगितले.

५.४० वाजता ब्रोना आर्डवारा रस्त्यावर, सहा किलोमीटरवर, जळणासाठी दलदलीतली पीट-माती काढलेल्या चरात सापडली. दप्तर पाठीवर होते. डबा उघडलेला नव्हता. ऑर्लाने तिला बाहेर काढले. आज सकाळपर्यंत मुलीने डोळे उघडलेले नाहीत. डॉक्टर आईला "वाट पाहू" म्हणतात.

९.२५ वाजता काय झाले ते असे. मी तिला म्हटले, "काय गं, अजून इथेच? आम्हाला कॉन्व्हेंटच्या सिस्टर कान धरून आत न्यायच्या, मेलो नाही आम्ही."

ती म्हणाली, "मिस ऑर्ला यायच्यात."

"मिस ऑर्ला नाही येणार. आता त्या आर्डवाराला असतात. जा आत, बावळटासारखी उभी राहू नकोस."

तिने विचारले, "आर्डवारा कुठाय, मिसेस डेव्हानी?"

मी हाताने रस्ता दाखवला. मग दुसऱ्यांदा ठेवलेला चहा उतू जाईल म्हणून घरात आले. एक मिनिटही झाले नसेल.

जबाब मला वाचून दाखवला. "हाताने रस्ता दाखवला" याऐवजी सार्जंट रुआन यांनी "माहिती दिली" असे लिहिले होते. ते खोडून मी माझ्या अक्षरात दुरुस्त केले आहे. आता तो मी सांगितला तसा आहे.

सही/-
फिलोमिना डेव्हानी