एकच भाकरी

तुमाला चहाबरोबर माझीच फजिती लागती. सांगून सांगून थकलो मी. आता शेवटचं सांगतो.

गुडघे दुखत हुते म्हनून राहुरीच्या डॉक्टरकडं गेल्तो. तो म्हनला, "बाबा, वजन उतरवा. दोन भाकरी खाता, तिथं एकच खा. मटकी, पालेभाजी, काकडी वाढवा."

म्हैनाभर तसंच खाल्लं. परत दवाखान्यात जाऊन काट्यावर उभा राहिलो, तर छटाकभर उतरलं न्हाई.

माझा पोरगा सुनील तिथं सगळ्यांदेखत म्हनला, "आबा, तुमी चोरून खाता." वर स्टँडवरच्या हॉटेलवाल्याला बजावून आला, "आमच्या म्हाताऱ्याला वडा देऊ नका." ह्या वयात गावात चोर ठरलो.

पुढच्या खेपेला बायको बी संगं आली, डबा बांधून घेऊन. डॉक्टर म्हनला, "दाखवा बरं, काय खाता." मी भाकरी उलगडली, तर त्याचं अर्धं टेबल झाकलं.

"आजी, पीठ किती घेता?"

"दोन भाकरीचं. पन थापते एकच. तुमीच सांगितलं हुतं ना?"

मी रोज म्हनायचो, भाकरी मोठी दिसती. ती म्हनायची, डोळे गेलेत तुमचे!

डॉक्टर पोट धरून हसला. बायकोला काय बोलू? मी उपाशी राहू नये म्हनून केलं तिनं. पन अजून स्टँडवर वडा मागितला, की हॉटेलवाला म्हनतो, "पोराला विचारू का?" मला चोर म्हनला, तो शब्द अजून माघारी घेतला न्हाई त्या सुनीलनं.