छबूच्या मागावरचा ठिपका

मंडळी, ऐका. आज कीर्तनात एकच प्रश्न टाकतो. जिथं माया आहे, तिथं आडपडदा ठेवणं पाप आहे का? माना हलल्या — पुरुषांच्या जरा जास्तच. बरं! आता छबूचं ऐका.

छबू करमाळ्याकडची. लग्न नवं होतं, नवऱ्याबरोबर भैरोबाच्या यात्रेला गेली. पाय ठेवायला जागा नाही! दिगंबर म्हणाला, "मोबाइल दे तुझा. चुकामूक झाली तर तू कुठंयस ते मला माझ्या मोबाइलवर दिसेल." पोरीला केवढं कौतुक वाटलं! यात्रा उठली, पाळणे गेले. आणि ती सेटिंग? ती कोण बंद करतंय! तुम्ही केली असती?

पुढं दिगंबरचा हात उठायला लागला. सोसवेल तेवढं सोसलं, आणि एक दिवस छबू अंगावरच्या कपड्यांनिशी बार्शीला आली. मसाल्याच्या कारखान्यात लागली, खोली घेतली. पत्ता फक्त धाकट्या बहिणीला, मंदाला ठाऊक.

आठवड्यात दिगंबर दारात. "चल घरी." शेजाऱ्यांनी हाकलला. छबूनं खोली बदलली — पुन्हा हजर! आता सांगा, संशय कुणावर जाईल?

"मंदे, तूच सांगितलंस."

"ताई, दाजींचा फोनसुद्धा घेत नाही मी."

"मग भैरोबानं सांगितलं का त्याला?"

मंदा रडत निघून गेली. जगात एक माणूस होतं छबूचं, तेही तिनं तोडलं. आणि खरा चुगलखोर तिच्याच पर्समध्ये, वर रोज चार्ज करून ठेवलेला!

एकदा मंडईत दिगंबरनं गाठलं. म्हणाला, "काल कुर्डुवाडीच्या स्टँडवर कुणाची वाट बघत होतीस गं?"

वकिलाकडून येताना एसटी चुकली, म्हणून छबू तिथं बसली होती. एकटी. मंदाशी तर बोलणंच बंद. मग त्याला सांगितलं कुणी? सोबत होता तो फक्त मोबाइल.

खोलीवर आली, कडी लावली, सेटिंग उघडली. जिथं कधी बोट नेलं नव्हतं तिथं नेलं. लोकेशन. कुणाला दिसतंय? दिगंबरला. कधीपर्यंत? बंद करेपर्यंत. म्हणजे हिनं दळणाला जावं, दवाखान्यात जावं, आणि त्यानं खाटेवर लोळत मोबाइलच्या नकाशावर तिचा ठिपका बघावा!

बंद केलं. मग एकेक उघडत गेली. बॅटरीच्या ॲपला हिचे फोटो कशाला हवेत? काढली परवानगी. पासवर्ड? लग्नाची तारीख. तोही बदलला. — विणेकरीबुवा, तुम्ही का खिसा चाचपताय?

आणि मग गेली मंदाकडे.

"मंदे, मोबाइल आण तुझा."

"का? झडती घेतेस माझी?"

"नाही गं. चुकले मी. तुझ्या मागावर तर कुणी नाही ना, एवढंच बघायचंय."

छबूनं पुढं गाव बदललं. दिगंबर अजून शोधतोय. शोधू द्या! आणि मंदाच्या मोबाइलमध्ये कुणाचं नाव निघालं? ते मी सांगणार नाही. तुमच्या बायकोच्या मोबाइलमध्ये कुणाचं आहे, ते तुम्ही सांगा.

आता का माना खाली गेल्या? अरे, माया विचारते, "पोचलीस का?" पाळत विचारत नाही, नुसती बघते. हा फरक ज्याला कळत नाही, त्यानं कपाळाला बुक्का लावू नये, असं मी तोंडावर सांगतो.

बायांनो, मोबाइल काढा. आणि पुरुषांनो, ठिपके बघणं घरी जाऊन नव्हे, इथंच बंद करा, तिच्या डोळ्यांदेखत. आरती थांबेल. देवाला घाई नाही. घाई तिला आहे.