मूळ काच

काका : पुन्हा तूच? काल फोनवर नाही म्हणालो, ते ऐकू नाही आलं?

ती : आलं. म्हणून आज समोर आले. फोन आपटता येतो, माणसाला हाकलायला उठावं लागतं.

काका : बोलण्यात हार जाणारी दिसत नाहीस.

ती : ताकाला येऊन भांडं लपवत नाही, काका. तुमच्या शेडमध्ये माझ्या गाडीसारखीच जुनी जपानी शर्यतीची गाडी धूळ खात उभी आहे. मला तिची पुढची काच हवी. कंपनीने ती बनवणं कधीच बंद केलंय.

काका : नकली मिळते की. ती बसव आणि सुखाने फिर.

ती : बसवली. वेग घेतला की तिच्यातून रस्त्यावरचा पांढरा पट्टा पाण्यातल्यासारखा हलायला लागतो. मागच्या डोंगरातल्या शर्यतीत वळणाचा अंदाज चुकला, कठड्याला घासून वाचले. भाऊ म्हणतो, गाडी विकून टाक. मी विकणार नाही, आणि त्या काचेतून पुन्हा चालवणारही नाही.

काका : मग शोध दुसरीकडे.

ती : भंगारवाले पालथे घातले. परदेशातून एक मागवली, ती पेटीतच तडकून आली. आता फक्त तुम्ही उरलात.

काका : हात धुऊन मागे लागलीस म्हणायची. ये, बघून तरी घे. कोपऱ्यातला शिक्का बघ. मूळचीच आहे.

ती : एक चरा नाही हो. पुसता का तुम्ही?

काका : रोज. बाकीचं उंदरांनी खाल्लं. गाडी बायकोची. ती गेल्यापासून एवढी काचच सांभाळलीय. ही काढली की उरेल ते भंगार. मला नाही बघवणार, पोरी.

ती : खोटा धीर देत नाही, भंगारच उरेल. पण इथे ही काच तुम्ही पुसताय तोवरच टिकेल. पुढे कोण पुसणार?

काका : आणि काढताना फुटली तर?

ती : म्हणून पातं नाही, तार आणलीय. काचेखालच्या रबरातून ओवायची. एकाने आत बसून ओढायची, एकाने बाहेरून, म्हणजे रबर कापत जातं. भावाने ऐन वेळी टांग दिली.

काका : म्हणजे आत मी?

ती : काच तुमची. ताण जास्त झाला तर तुमच्या हातालाच आधी कळेल.

काका : तिच्या सीटवर मी कधी बसलो नाही. बसूच द्यायची नाही.

ती : मग शेजारच्या सीटपासून सुरू करू.

(बऱ्याच वेळाने. तार दोघांच्या हातात, काच तीन बाजूंनी सुटलेली.)

ती : आता पलीकडे सरकावं लागेल, काका. तिच्या बाजूचा कोपरा राहिलाय.

काका : सरकलो. ओढ. हळू... हळू गं.

ती : आली. अख्खी आली. उतरा आता, हात देऊ?

काका : वारा येतोय आत. थंडीतसुद्धा ती खिडक्या उघड्या टाकायची, मी बंद करायचो. किती भांडलो आम्ही त्यावरून.

ती : थांबू का मी?

काका : नको. मी बसतो जरा. तू काच गुंडाळायला घे. कोपरे आधी.