पंचफुलाबाईंच्या भिंतीतली तिरकी तार

आजच्या सभेचे अध्यक्ष इंजिनिअर पंजाबराव साहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते ठेकेदारांचे सुपरवायझर कृष्णराव, महिला मंडळाच्या भगिनी आणि भिलाईच्या आपल्या सेक्टरातले बंधुजन, सर्वांना जयभीम.

मंडळाची चिटणीस म्हणून आभाराचे चार शब्द वाचायचे आणि खाली बसायचं, एवढंच आज माझं काम होतं. पण माझ्या आधीच्या तिन्ही वक्त्यांनी सांगितलं की कृष्णरावांनी आपल्या भिंती आरशासारख्या केल्या, एक तार कुठे दिसत नाही. उद्या सकाळी दहा वाजता त्याच न दिसणाऱ्या तारेपायी वायरमन चंपत रामटेके यांची चौकशी आहे. त्यांचं काम जाईल आणि कामाबरोबर क्वार्टरही. हे त्या तिघांनाही माहीत होतं. तरी टाळ्या झाल्या. मला शिसारी आली, म्हणून मी उभी आहे.

काय म्हणालात मागून? आज तरी गोड बोला? पेढे बाहेर ठेवले आहेत. ते सभा संपल्यावर खा.

क्वार्टरची किल्ली हाती आली की आपण आधी चूल मांडत नाही. दारासमोरच्या भिंतीत खिळा ठोकतो, बाबासाहेबांचा फोटो लावतो आणि मगच पेटी-वळकटी आत आणतो. गेल्या वर्षी आपल्याला वाटलं की फोटोवर एक लहानसा दिवा असावा. बारा व्होल्टचा, दाराच्या घंटीला लावतात तशा लहान ट्रान्सफॉर्मरवर चालणारा. फोटोजवळ तार मात्र दिसू नये. तसा अर्ज ठेकेदारांकडे गेला. तो कोणी लिहिला? मी लिहिला. मी नागपूरची पदवीधर, पण तार दडवायची तर कशी दडवायची, हे विचारायचं मला सुचलं नाही.

ते चंपत यांनी न विचारता सांगितलं. अंगणात आम्ही दहा-बाराजणी होतो. ते म्हणाले, "बाई, दिव्याची बारकी तार आन् मोठ्या लाइनची तार एका पाईपात नाही टाकत. बटनापासून तार सरळ वर जाईन, नाही त सरळ आडवी. तिरकी नाही. मंग बटन पाह्यलं का खिळा कुठं नाही ठोकाचा, हे लेकरालेही समजन. जोड भिंतीत नाही द्याचा, डबीतच द्याचा."

यावर आपल्या हिराबाई काय म्हणाल्या? "काहो चंपतभाऊ, तार टाकून राह्यले का लगन लावून राह्यले? इतले नियम त लगनातही नसतात!"

आम्ही सगळ्या हसलो. मीही हसले.

मग बाहेरचे पाहुणे क्वार्टर बघायला येणार, अशी बातमी आली. चार दिवस उरले होते. गवंडी पलस्तराचा माल कालवून उभे. पंचफुलाबाईंच्या भिंतीत कोणीतरी आधीच एक तिरकी खाच पाडून ठेवली होती. नवी सरळ खाच पाडायची तर अर्धा दिवस जाणार. त्या खाचेत दोनशे तीस व्होल्टची मोठी लाइन आणि दिव्याची तार दोन्ही एकत्र गेल्या, पाईपही न घालता, आणि वरून पलस्तर फिरलं. चंपत यांनी नाही म्हटलं होतं, पण शेवटी हात त्यांचेच चालले. मी त्यांना निर्दोष म्हणत नाही. ते स्वतःही म्हणत नाहीत.

पाहुणे आले, भिंतीवरून हात फिरवून गेले. फोटो निघाले.

जयंतीच्या आदल्या दिवशी पंचफुलाबाईंना बाबासाहेबांच्या शेजारी, त्याच उंचीवर, बुद्धांचा फोटो लावायचा होता. त्या बेसावध नव्हत्या. त्यांनी कृष्णरावांना रस्त्यात गाठून विचारलं होतं. उत्तर मिळालं, "ठोका बिनधास्त. बारा व्होल्टची तार आहे, मुंगीही मरणार नाही." त्यांनी फरशी पुसली, ओल्या पायांनी उभ्या राहिल्या आणि कामाला डावऱ्या असल्यामुळे उजव्या हातात खिळा धरून डाव्या हाताने वरवंटा मारला. खिळा मोठ्या लाइनमध्ये गेला. मी धावत पोचले तेव्हा त्या उंबऱ्याशी पडल्या होत्या. तीन बोटं काळी पडली होती. मला म्हणाल्या, "बाई, भिंत चावली मले."

त्या इथेच तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. मघाशी टाळ्या पडल्या तेव्हा त्यांना टाळी वाजवता आली नाही.

आणि या वस्तीत बोललं काय गेलं? "बाईमाणसानं खिळा कावून ठोकाचा?" ज्या घरात माणूस कारखान्यात पाळीवर असतो त्या घरात खिळा कोण ठोकतो, भाऊ? ठेकेदारांकडे अहवाल गेला की वायरमनने आपल्या मर्जीने तार तिरकी टाकली. ते ऐकून आपण काय केलं? निरोपाच्या पेढ्यांची ऑर्डर दिली. मला कृष्णरावांपेक्षा आपलीच किळस जास्त आली.

काल मी चंपत यांच्या घरी गेले. हे गृहस्थ कामाच्या हुकमाची प्रत्येक चिठ्ठी तारेत ओवून खुंटीला टांगून ठेवतात. मी विचारलं, "त्या दिवशीची चिठ्ठी आहे?"

"हाये."

"मग चौकशीत का दाखवत नाही?"

"मले गोंदियावरून इथं कृष्णराव साहेबांनीच आणलं, बाई. त्याईच्या तोंडावर कागद कसा फेकू?"

त्यांच्या पत्नी कमलाबाई भाकरी टाकत होत्या. त्या पीठभरल्या हाताने उठल्या. "तुमच्या साहेबाचे उपकार फेडाले मी लेकराईले घेऊन सडकेवर बसू का?" म्हणाल्या, आणि सरकन चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. चंपत मान खाली घालून बसले, पण त्यांनी ती परत मागितली नाही.

कृष्णराव, तुम्ही बढतीवर जात आहात. जिथे जाल तिथेही घरं असतील, आणि त्या घरांत बायका खिळे ठोकतील. एवढंच मला सांगायचं होतं.

अध्यक्षांनी मध्येच घंटी वाजवली नाही, याबद्दल त्यांचे आभार. सतरंज्या घालणाऱ्यांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्यांचेही आभार. निरोपाच्या दिवशी माझी जीभ कडू झाली. शब्द अधिक-उणे झाले असतील तर ते पोटात घाला, मजकूर मात्र घालू नका.

आता इतिवृत्तासाठी. हिराबाई, लिहून घ्या.

रविवार, दिनांक २९ एप्रिल १९६२. भिलाई. सभेसमोर अध्यक्ष पंजाबराव साहेब, जे उद्याची चौकशीही करणार आहेत, यांच्या हाती पुढील कागद दिले.

चिठ्ठी, एक. मजकूर: "वेळ नाही. आहे त्याच तिरक्या खाचेत दोन्ही तारा टाका. पाईप नको. जबाबदारी माझी." खाली कृष्णरावांची सही.

पंचफुलाबाईंचं निवेदन, एक. बाईंना सही येते, गेल्या वर्षी आपल्याच मंडळाच्या साक्षरता वर्गात शिकल्या. उजवा हात बांधलेला असल्यामुळे डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला आहे.

साहेब, पोच म्हणून इथे सही करा. आम्ही सगळे बसलो आहोत.