सदतीस ठिकाणी बसलेली सृष्टी

नातवाला डबा पोचवून केवळाबाई लातूरच्या बसस्थानकात नांदेडच्या गाडीसाठी रांगेत उभ्या होत्या. पुढं नातवाच्या क्लासची कॉम्प्युटरं सांभाळणारा यासेर त्याच्या शेजाऱ्याशी, श्रीमंतशी, बोलत होता. केवळाबाईंचे कान आपसूक तिकडं गेले.

"सापडलं का रे, सराव परीक्षा रोज का अडकून राहत होती?"

"सापडलं, श्रीमंतभाऊ. पोरांपुढं नुसता स्क्रीन असतो, खरं काम आतल्या खोलीतले तीन सर्व्हर करतात. कोण कधी आलं, काय उघडलं, समदी नोंद राहते तिथं. तिन्हीची नोंद शेजारी-शेजारी लावून बघितली."

"मग?"

"सृष्टी नावाची एकच पोरगी एका वक्ताला सदतीस स्क्रीनवर बसलेली!"

"भूत हाय का काय?"

"न्हाई हो. मागच्या साली क्लासात पहिली आली, डॉक्टरकीला गेली. तिचा परीक्षा उघडायचा नंबर लकी म्हणून पोरांनी वाटून घेतला. एकानं उत्तर पुसलं की सदतीस जणांचं पुसायचं, अन् पेपर अडकायचा!"

"बंद केलास का मग?"

"हाव, काल. ज्याला त्याला आपापला नंबर दिला. आज पेपर झकास चालला."

"रडली असतील लेकरं."

"लई. म्हणलं, नंबरात काय ठेवलंय? अभ्यास करा."

"बराबर बोललास. तुझी बहीण लायबा बी तिथंच हाय ना? तिला कोणता दिला?"

केवळाबाईंनी नीट ऐकायला मान पुढं काढली.

"तिला व्हय? तिला सृष्टीचाच दिला. रिकामाच पडला होता की."