सरांना चष्म्याशिवाय वाचता आलं तेव्हा

सन्माननीय अध्यक्ष हनुमंतराव, आजचे सत्कारमूर्ती चंद्रमौली सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी शिवकामीअक्का आणि कुंभकोणम्‌मधल्या आपल्या समस्त मराठी मंडळींनो, सर्वांना नमस्कार.

शाळेतला निरोप तमिळमधून झाला. तिथं मी गोड बोलले. आज घरच्या भाषेत बोलायचंय, म्हणून खरं बोलते.

सर भूमिती शिकवतात, मी जीवशास्त्र. निवृत्तीला चार वर्षं बाकी असताना हा माणूस का जातो आहे?

गेल्या वर्षी मार्चमध्ये सरांनी स्टाफरूममध्ये चष्मा काढून पेपर वाचला. "अंबुजाबाई, बघा की! मज चष्मा नको आता!" आम्ही टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मैसूरपाक आणला. सरांनी दोन तुकडे खाल्ले.

पुढच्याच आठवड्यात चोळपुरम्‌ला घरी जायचं, तर सर स्वामीमलैच्या बसमध्ये बसले. लांबची पाटी दिसेना. आम्ही हसलो. नवा चष्मा केला. महिन्यात नंबर बदलला, पुन्हा नवा. सर दुकानदारावर चिडले, दुकानदार मशीनवर. साखर तपासा, असं एकानंही म्हटलं नाही.

मे महिन्यात शिवकामीअक्का मला देवळाबाहेर भेटल्या. "अंबुजा, हे सारखं पाणी पितात गं. डोळ्यांचंही असं. काय असेल?"

"उन्हाळा आहे, अक्का," मी म्हणाले.

वीस वर्षं मी दहावीच्या मुलांना मधुमेह शिकवते आहे. साखर वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं, नंबर हलतो, कधी जवळचं अचानक बरं दिसू लागतं, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पण तहान? तहान तर माझ्याच धड्यात होती!

डिसेंबरमध्ये फळ्यावर वर्तुळ काढताना सरांच्या उजव्या डोळ्यासमोर काळे धागे उतरले. आत रक्तस्राव झाला होता. साखर चारशेच्या वर. कित्येक वर्षं गुपचूप वाढत असणार, डॉक्टर म्हणाले. डावा डोळा लेझरनं राखला. उजव्यानं आता समोर धरलेली बोटंही मोजता येत नाहीत.

मघाशी सर माझ्या कानात म्हणाले, "रडू नका, बाई." नाही रडत, सर. मला राग आलाय.

अध्यक्षांचे, आयोजकांचे मनापासून आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, तर सभेनं पोटात घालावं. पण देवळाबाहेर जे चुकलं, त्याची क्षमा सभेकडे मागून भागणार नाही. अक्का, ती तुमच्याकडे मागते.